वासाचा माग

बाथरूममधून वास यायला लागला की आपण आधी तो झाकायला बघतो. डांबराच्या गोळ्या टांगतो, फिनेल ओततो, सुगंधी वड्या आणतो. चार दिवस बरं वाटतं, मग तोच वास सुगंधात मिसळून आणखी नकोसा होतो. खरं तर वासाला उगम असतो आणि तो घरच्या घरी शोधता येतो. त्यासाठी टॉर्च, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी, स्टीलची मोजपट्टी आणि थोडा धीर एवढं पुरतं. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हा माग बाथरूमच्या फरशीपासून निघाला आणि इमारतीच्या गच्चीवर जाऊन थांबला.

आधी वासाची जात ओळखायची. कुबट वास असेल तर कुठेतरी ओल धरली आहे, फरशीच्या सांध्यांत किंवा बेसिनखालच्या कपाटात बुरशी आहे. लघवीचा उग्र वास असेल तर कमोडच्या बुडाशी बघायचं. तिथला व्हाइट सिमेंटचा सांधा तडकलेला असू शकतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर तो ड्रेनेजच्या पाइपातला वायू. हवा न मिळणाऱ्या घाणीत वाढणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा हा वास. आमच्याकडे हाच होता, आणि एक्झॉस्ट फॅन लावला की तो वाढायचा. हीही एक खूण आहे. दार-खिडकी बंद असताना पंखा हवा बाहेर फेकतो, तेव्हा आत येणारी हवा जिथून वाट मिळेल तिथून येते, उघड्या पडलेल्या पाइपातूनही.

नाकावर मात्र फार वेळ विसंबू नये. वासात उभं राहिलं की थोड्याच वेळात नाक सरावतं. म्हणून बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यायचं आणि आत शिरताना घेतलेला पहिला श्वासच खरा मानायचा.

मग एकेक तोंड बंद करायचं. नहाणी ट्रॅपच्या जाळीवर प्लॅस्टिक पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. बेसिनच्या भोकात ओलं फडकं कोंबलं, वरचं ओव्हरफ्लोचं भोकही बुजवलं. त्या अरुंद वाटेत साबणाचा चिकट थर साचतो आणि बऱ्याच घरांत खरा अपराधी तोच असतो. बेसिनचा लवचिक पाइप जमिनीतल्या पाइपात नुसताच खोचलेला असतो, ती फटही पिशवी गुंडाळून बंद केली. कमोडचं झाकण पाडून त्यावरही प्लॅस्टिक लावलं. रात्रभर दार बंद ठेवलं. सकाळी वास जवळपास नव्हता. सगळं बंद असतानाही तो आला असता तर संशय फरशीखाली गेला असता, कारण फ्लॅटमधल्या बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो आणि पाइप गळत असेल तर त्या भरावात सांडपाणी मुरत राहतं. मग एकेक तोंड उघडत गेले. बेसिन, काही नाही. कमोड, काही नाही. नहाणीवरच्या प्लॅस्टिकचा कोपरा उचलला आणि वास थेट नाकात शिरला.

जाळी काढून टॉर्च मारला. ट्रॅप म्हणजे पाइपाला मुद्दाम दिलेला बाक. त्यात कायम पाणी साचून राहतं आणि तेवढं पाणी ड्रेनेजची हवा अडवतं. साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपाच्या पाइपाला असा बाक देण्याचं पेटंट घेतलं, आणि आजही जगभरची घरं याच युक्तीवर उभी आहेत. आमच्या ट्रॅपमधलं पाणी बाकाच्या खाली उतरलं होतं. पलीकडची काळी, ओलसर पोकळी सरळ दिसत होती.

पाणी जातं कुठे? वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ते वाळून जातं, एप्रिल-मे महिन्यात लवकर. पण आमचं बाथरूम रोजच्या वापरातलं. दुसरं कारण केसांचं. तारेचा आकडा करून आत फिरवला तेव्हा साबणाने माखलेली केसांची जट निघाली. तिचं एक टोक पाण्यात होतं आणि दुसरं ट्रॅपच्या कडेवरून पलीकडे लोंबत होतं. समईची वात तेल ओढते तसे हे केस पाणी थेंबाथेंबाने पलीकडे नेतात. जट काढली, ट्रॅप घासला, तांब्याभर पाणी ओतलं आणि मोजपट्टी बुडवून पातळी टिपून ठेवली.

सकाळी पातळी पुन्हा उतरलेली. ट्रॅपला चीर असती तर पाणी सावकाश, सारखं उतरत गेलं असतं. इथे मात्र रात्री उशिरापर्यंत पट्टीवरची खूण जागची हलली नव्हती. जे झालं ते पहाटे, इमारत जागी होताना. पाणी भरून वरच्या मजल्यावर फोन केला, "वहिनी, जरा फ्लश करता का?" टॉर्चच्या उजेडात बघत बसले. भिंतीतल्या पाइपातून पाणी खाली जाताना आवाज झाला, ट्रॅपमधलं पाणी थरथरलं, पलीकडच्या बाजूला ओढलं गेलं, गुडगुड झाली, आणि पातळी माझ्या डोळ्यांदेखत खाली आली.

प्लंबरकाकांना हे सांगितलं तर ते बाथरूममध्ये आलेच नाहीत. "ताई, पाइपला हवा मिळत नाहीये. आधी गच्चीवर चला."

आमच्या इमारतीत कमोड, बेसिन आणि नहाणी, तिन्हींचं पाणी एकाच उभ्या पाइपात जातं. वरून पाण्याचा लोंढा येतो तेव्हा त्याच्या मागे पोकळी तयार होते. ती भरायला हवा लागते, म्हणून हा पाइप गच्चीच्या वर नेऊन त्याचं तोंड उघडं ठेवतात. तिथून हवा मिळाली नाही, तर पाइप ती वाटेतल्या ट्रॅपमधून ओढतो आणि आधी त्यातलं पाणी पळवतो. आमच्या पाइपाच्या तोंडावर घट्ट कॅप बसवलेली होती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी कचरा आत पडू नये म्हणून ती लावली असणार, काम संपल्यावर कोणी काढली नाही. काकांनी ती काढली आणि जागी जाळीची टोपी बसवली. त्यानंतर वहिनींनी पुन्हा फ्लश केला. पाणी थोडं हललं आणि पट्टीवरच्या खुणेशीच थांबलं.

या शोधात दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या. वास मारण्यासाठी ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. आणि खालच्या चेंबरचं झाकण उघडून आत वाकायचं नाही, कोणाला उतरवायचंही नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासच येईनासा होतो, म्हणजे धोका सर्वांत मोठा असतो तेव्हा नाक गप्प असतं. गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं अजून मरतात.

कॅप गच्चीवर होती आणि वास आमच्या घरात होता. आमच्या बाथरूममध्ये कितीही फिनेल ओतलं असतं तरी ती निघाली नसती. वासासाठी फरशी फोडायला निघण्याआधी ट्रॅपमधलं पाणी मोजा, वरच्या मजल्यावर विचारा, गच्चीवर जाऊन पाइपांची तोंडं बघा. आणि सोसायटीने गच्चीचं काम करून घेतलं असेल, तर ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी प्रत्येक पाइप उघडा आहे ना, हे वर जाऊन स्वतः बघून घ्या.