मागच्या काचेवरची धूळ

उन्हाळ्यात धाराशिवहून येरमाळ्यापर्यंत एखादी हॅचबॅक जाऊन आली, की तिची मागची काच मातीनं माखलेली असते. गाडी धावते पुढे, मग धूळ मागे येऊन का बसते? गाडीच्या ॲव्हरेजचं एक मोठं गुपित याच प्रश्नात आहे.

ताशी 80 किलोमीटरनं धावणारी लहान गाडी दर सेकंदाला साधारण पन्नास किलो हवा बाजूला सारते. सोयाबीनच्या कट्ट्याएवढी हवा, दर सेकंदाला! ही हवा बॉनेटवरून, टपावरून अलगद सरकते; पण डिकीपाशी टप एकदम संपतो. हवेला इतक्या झटक्यात खाली वळता येत नाही. ती पत्र्यापासून सुटते आणि गाडीमागे कमी दाबाची, भोवऱ्यांनी घुसळलेली जागा तयार होते. चाकांनी उडवलेली धूळ तिथं ओढली जाऊन काचेवर बसते, म्हणून तर हॅचबॅकला मागेही वायपर लागतो. तोच कमी दाब अख्ख्या गाडीला मागे खेचत असतो आणि त्याचे पैसे पेट्रोलपंपावर मोजावे लागतात.

यावर उपाय म्हणजे हळूहळू निमुळता होत जाणारा लांब मागचा भाग. आपल्याकडे त्याला कात्री लावली ती करानं. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं. चार मीटरची ती रेघ पुढे जीएसटीतही राहिली. एवढ्या जागेत माणसं, इंजिन, सामान बसवायचं म्हटल्यावर शेपूट आखूडच होणार.

सुदैवानं 1930 च्या दशकातच वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्यानं दाखवलं होतं, की निमुळता भाग मध्येच सरळ कापला तरी बराचसा फायदा टिकतो. मात्र कड धारदार हवी, म्हणजे हवा वळायची धडपड न करता नेमकी तिथंच सुटते. बऱ्याच नव्या गाड्यांच्या मागच्या दिव्यांवरून बोट फिरवलं, तर बाहेरच्या बाजूला बारीक उभी धार हाताला लागते. शोभेची वाटणारी ती रेघ वाऱ्यासाठी असते.

राहिला वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी शक्ती घनानं. 80 चे 100 केले, की ही शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. वाशी-भूमच्या माळावरच्या पवनचक्क्याही याच घनाच्या हिशेबावर चालतात: वारा दुप्पट, तर त्यातली शक्ती आठपट. रस्त्यावर आपल्याकडून वसूल करणारा नियम माळावर आपल्याला वीज देतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पवनचक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळलेलं असतं. पावसाळ्यात ते बहुतेक पश्चिम-नैऋत्येला असतं आणि कळंबहून येरमाळ्यामार्गे बार्शीला जाणारा रस्ताही साधारण त्याच दिशेचा. समोरून ताशी 20 चा वारा असेल, तर काटा 80 वर असूनही गाडी 100 च्या वेगाइतका विरोध सोसते, म्हणजे दीडपटीहून जास्त. परतताना तोच वारा पाठीशी येतो आणि विरोध 60 च्या वेगाइतकाच उरतो.