सोन्याचे छप्पर आणि रिकामी समाधी : इन्सब्रुक नगरीची ओळख

ऑस्ट्रिया देशाच्या पश्चिम भागात, आल्प्स पर्वताच्या रांगांमधील खोऱ्यात इन्सब्रुक ही टिरोल प्रांताची राजधानी वसलेली आहे. ‘इन’ नदीवरील पूल, असा तिच्या नावाचा साधा अर्थ. समुद्रसपाटीपासून उंची ५७४ मीटर आणि लोकवस्ती सुमारे एक लाख तीस हजार. युरोपच्या सहलीस जाणाऱ्या आपल्या अनेक साधर्मी कुटुंबांच्या कार्यक्रमपत्रिकेत हे नाव असते. परंतु मुक्काम काही तासांचाच असतो. सोनेरी छपरासमोर छायाचित्र काढावे, थोडी खरेदी करावी आणि पुढील गावी निघावे, एवढाच परिचय घडतो. वास्तविक, वैभव आणि त्याची नश्वरता पायी फिरता येईल एवढ्या अंतरात शेजारी शेजारी पाहावयास मिळावी, अशी नगरे थोडी आहेत. बारा भावनांतील पहिली जी अनित्य भावना, तिचे चिंतन आपण घरी करतोच. तिची उदाहरणे येथे तांब्यात, कांस्यात आणि संगमरवरात उभी आहेत. त्या दृष्टीने या नगरीची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

वैभव कोठून आले?

इटलीतून उत्तरेकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग १३७० मीटर उंचीच्या ब्रेनर खिंडीतून उतरतो आणि इन्सब्रुकजवळ इन नदीस भेटतो. मालाची ने-आण आणि जकात यांवर नगर वाढले. जवळच्या हाल येथे मिठाचा, तर श्वात्स येथे चांदीचा मोठा साठा होता. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने या संपन्न प्रांतास आपल्या सत्तेचे एक प्रमुख केंद्र केले. जुन्या शहराच्या चौकात त्याने इ. स. १५०० च्या सुमारास एक सज्जा उभारला. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली अडीच हजारांहून अधिक ताम्रपत्रे बसविली. तेच प्रसिद्ध ‘गोल्डेनेस डाखल’, म्हणजे सोन्याचे छप्पर. राजपरिवार येथे बसून चौकातील खेळ आणि उत्सव पाहत असे. सज्ज्याच्या शिल्पपट्टांत सम्राट आपल्या दोन्ही राण्यांसह दिसतो. त्याच्याभोवती नर्तक आहेत.

या छपराविषयी एक लोककथा आहे. पूर्वीच्या एका राजाचे, फ्रेडरिकचे, टोपणनाव ‘रिकाम्या खिशाचा’ असे होते. आपण निर्धन नाही हे दाखविण्यासाठी त्याने हे छप्पर घडविले, असे लोक सांगत. इतिहासाला ही कथा मान्य नाही. पण छप्पर ज्या वाड्याला जोडले आहे तो वाडा मूळचा फ्रेडरिकचाच. संपत्ती असण्यापेक्षा ती दिसावी याची चिंता माणसास अधिक असते, हे लोकांनी या कथेतून अचूक ओळखले आहे.

सम्राटाची रिकामी समाधी

छपरापासून काही मिनिटे चालल्यावर ‘होफकिर्खे’ हे राजचर्च लागते. मध्यभागी मॅक्सिमिलियनची भव्य समाधी आहे. तिच्या बाजूंवर त्याच्या जीवनप्रसंगांचे २४ संगमरवरी शिल्पपट्ट असून वर गुडघे टेकून बसलेली त्याची कांस्यमूर्ती आहे. दोन्ही बाजूंस मानवी आकाराहून मोठे २८ कांस्यपुतळे पहारा देतात. लोक त्यांना ‘काळे पुरुष’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांतील आठ स्त्रिया आहेत. मूळ संकल्प चाळीस पुतळ्यांचा होता, तो पूर्ण झाला नाही. चर्चदेखील सम्राटाच्या मृत्यूनंतर, १५५३ ते १५६३ या काळात, त्याचा नातू फर्डिनांड याने बांधविले.

आणि ही समाधी रिकामी आहे. सम्राटाचा देह येथून दूर, व्हिएन्नाजवळील वीनर नॉयश्टाट येथे आहे.

युद्धे आणि दरबारी थाट यांसाठी या राजाने अपार कर्ज काढले होते. श्वात्सच्या चांदीचे उत्पन्न ऑग्सबर्गच्या फुगर पेढीकडे गहाण पडले होते. १५१८ साली तो इन्सब्रुकला आला, तेव्हा आधीची देणी थकल्यामुळे येथील खाणावळवाल्यांनी त्याच्या लवाजम्यास आश्रय नाकारला, अशी हकीकत सांगितली जाते. त्याने नगर सोडले आणि जानेवारी १५१९ मध्ये वेल्स गावी देह ठेवला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तो प्रवासात स्वतःची शवपेटी सोबत नेत असे. म्हणजे मृत्यूचे स्मरण त्याला होते. परंतु त्या स्मरणाने त्याचे पुतळे थांबले नाहीत की कर्ज थांबले नाही. व्यापार-उदीम करणाऱ्या आपल्या समाजास या कथेचा मथितार्थ वेगळा सांगावयास नको. अनित्यतेचे ज्ञान असणे आणि त्यानुसार परिग्रहाचे परिमाण ठरविणे, या दोहोंत मोठे अंतर आहे.

एका कमानीच्या दोन बाजू

मारिया थेरेसा मार्गाच्या दक्षिण टोकास १७६५ ची विजयकमान आहे. महाराणी मारिया थेरेसा हिच्या मुलाचा, लिओपोल्डचा, विवाह त्या वर्षी ऑगस्टमध्ये येथे झाला. उत्सव चालू असतानाच, १८ ऑगस्ट रोजी, तिचे पती सम्राट पहिला फ्रान्सिस यांचे आकस्मिक निधन झाले. त्यामुळे कमानीच्या दक्षिण बाजूवर विवाहाचा आनंद आणि उत्तर बाजूवर मृत्यूचा शोक कोरला गेला. महाराणीने पुढे १७८० साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत शोकवस्त्रे उतरविली नाहीत. राजवाड्यात ज्या दालनात पतीचे निधन झाले, तेथे तिने प्रार्थनागृह केले. कमानीच्या दोन्ही बाजू अवश्य पाहाव्यात. एकच बाजू पाहून पुढे जाणारे प्रवासी पुष्कळ असतात.

पर्वत आणि जीवदया

दुसऱ्या दिवसाची सकाळ पर्वतासाठी राखावी. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमण्याचा संभव अधिक असतो. वास्तुविशारद झाहा हदीद यांनी घडविलेल्या स्थानकांची हुंगरबुर्ग रेल्वे २००७ पासून शहराच्या मध्यातून चढते. तेथून रज्जुमार्गाने १९०५ मीटरवरील झेग्रूबे आणि २२५६ मीटरवरील हाफेलेकार गाठता येते. एका बाजूस सारे नगर, दुसऱ्या बाजूस कारवेंडेलची निर्मनुष्य शिखरे दिसतात. अर्ध्या तासात सुमारे १७०० मीटर उंची वाढते. म्हणून हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा, अथवा झेग्रूबे येथेच थांबावे. उन्हाळ्यातही लोकरीचे कपडे जवळ असावेत.

याच रेल्वेवर ‘आल्पेन झू’ हे १९६२ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय आहे. त्यात केवळ आल्प्समधील प्राणी आहेत. प्राण्यांस बंधनात ठेवणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार असल्याने येथे जावे की नाही, हा प्रश्न आपल्या मनात येणे योग्यच आहे. निर्णय ज्याचा त्याने करावा. पण एक हकीकत जाणून घ्यावी. आल्प्समधील दाढीवाले गिधाड मेलेल्या जनावरांची हाडे खाऊन जगते. ते कोकरे आणि मुले पळविते, या मिथ्या समजुतीने माणसांनी त्याची इतकी हत्या केली की विसाव्या शतकाच्या आरंभी ते येथून नाहीसे झाले. १९७३ साली या संग्रहालयात त्याची पैदास साधली आणि १९८६ पासून ऑस्ट्रियातील राउरिस खोऱ्यात पिले मुक्त करण्यास प्रारंभ झाला. आज तो पक्षी पुन्हा आल्प्सच्या आकाशात आहे. अज्ञानातून घडणारी हिंसा आणि तिचे परिमार्जन, दोन्ही मुलांना समजावण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

आहाराचा विवेक

टिरोलच्या पारंपरिक पदार्थांत मांस आणि अंडी यांचा वापर फार. गोड ‘कायझरश्मार्न’मध्येही अंडी असतात, आणि अनेक पर्वतीय चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते. ऑस्ट्रियातील भोजनपत्रिकेवर पदार्थापुढे अक्षरे छापलेली असतात, ती उपयोगी पडतात : ‘सी’ म्हणजे अंडे, ‘डी’ म्हणजे मासे, ‘जी’ म्हणजे दूध. मात्र मांस, कांदा, लसूण, बटाटा यांची नोंद त्या अक्षरांत नसते, म्हणून विचारावे. ‘ओनं फ्लाइश, ओनं आय’ (मांस नको, अंडे नको), ‘ओनं त्स्वीबेल, ओनं क्नोब्लाउख’ (कांदा नको, लसूण नको) एवढे शब्द पुरतात. स्वयंपाकघर असलेले निवासस्थान घेऊन खाकरे, मूगडाळ, तांदूळ सोबत नेणे सर्वांत निश्चिंत. शहराचे पिण्याचे पाणी म्यूलाऊच्या झऱ्यांतून येते आणि नळाचे पाणी उत्तम असते. गाळण्याचे वस्त्र मात्र आपले आपण न्यावे.

रात्रिभोजनत्यागाचा नियम असणाऱ्यांना जून महिना अनुकूल आहे. सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या सुमारास होतो. दोन घटिका आधी, साडेआठच्या आत, भोजन सहज आटोपते. डिसेंबरात साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. तेव्हा दुपारचे भोजन हेच शेवटचे, असे समजून दिवस आखावा.

म्युनिकहून रेल्वेने साधारण दोन तासांत येथे पोहोचता येते. २४, ४८ किंवा ७२ तासांचे ‘इन्सब्रुक कार्ड’ घेतल्यास संग्रहालये, रज्जुमार्ग आणि शहरातील बस यांचा समावेश होतो. दोन पूर्ण दिवस द्यावेत. पहिल्या सायंकाळी, छप्पर, समाधी आणि कमान पाहून झाल्यावर, इन नदीच्या काठी कुटुंबासह थोडा वेळ शांत बसावे. खरेदीसाठी राखलेला तासभर सामायिकास दिला, तर घरी नेण्यासारखे काही निश्चित हाती लागेल, आणि त्याचे ओझे सामानात मोजले जाणार नाही.