आकड्यांमागचा खेळ (लेखांक ९) : ‘तसे आता होणे नाही!’

क्रिकेटच्या गप्पा लोकलच्या डब्यात सुरू होवोत की लग्नाच्या पंगतीत, त्या फिरून फिरून जुन्या काळात पोचतात आणि कुणीतरी ठासून म्हणतो, ‘तसे आता होणे नाही!’ मग बापू नाडकर्णींची एकवीस निर्धाव षटके निघतात, भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा निघतात, कोटलावरचे कुंबळेचे दहा बळी निघतात. विधान बहुतेक वेळा बरोबर असते. गफलत होते ती त्याच्या पुढच्या पायरीवर. ‘पुन्हा झाले नाही’ इथून ‘म्हणजे तो आजच्या सगळ्यांपेक्षा थोर’ इथे आपण कधी येऊन पोचलो, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. या लेखात एवढेच मांडायचे आहे की दुर्मीळ पराक्रमाच्या आकड्यावर खेळाडूची एकट्याची मालकी नसते. समोरचा संघ, आपलेच सहकारी, त्या काळचे नियम आणि हाताशी असलेला वेळ, हे सगळे त्यात भागीदार असतात. आणि तो आकडा पुन्हा का दिसला नाही, याचे उत्तर बरेचदा या भागीदारांकडे असते.

नाडकर्णींपासून सुरुवात करू, कारण त्यांचा विक्रम सगळ्यांना पाठ असतो आणि त्याची हकीकत फारच थोड्यांना. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी. भारताने ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला, त्यात बुधी कुंदरनच्या १९२ धावा. उत्तरादाखल खेळणाऱ्या इंग्लंडच्या ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन यांच्यापुढे नाडकर्णींनी सलग एकवीस षटके निर्धाव टाकली. ओळीने १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. डावाअखेर त्यांचे पृथक्करण होते ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य. हे शून्य गप्पांतून हमखास गळते. इतका वेळ धाव न देणारा गोलंदाज एकही बळी मिळवू शकला नाही, याचा अर्थ समोरच्यांनी धाव काढायची नाही आणि बादही व्हायचे नाही, असे ठरवूनच खेळ केला. ती मालिका पाच कसोटींची होती आणि पाचही अनिर्णित राहिल्या. त्याआधी १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पाचही कसोटी तशाच सुटल्या होत्या. सामना वाचवणे हा तेव्हा विजयाच्या खालोखालचा मान होता, आणि त्या वातावरणात धाव नाकारणाऱ्या गोलंदाजाला धाव नाकारणारेच फलंदाज भेटले.

यात नियमाचाही हात होता. त्या काळी ऑफस्टंपच्या बाहेर पुढचा पाय टाकून चेंडू पॅडवर अडवला, तर फटका मारायचा प्रयत्न केला नसला तरी फलंदाज पायचीत ठरत नसे. ही पळवाट १९७०च्या सुमारास नियम बदलून बुजवण्यात आली. आज डावखुऱ्या फिरकीपुढे कुणी तासन्‌तास पॅड पुढे करू लागला, तर पंच आणि त्यांच्यामागे बसलेला कॅमेरा त्याला तंबूत पाठवतील. शिवाय आजचा फलंदाज पाचव्या निर्धाव षटकालाच अस्वस्थ होऊन रिव्हर्स स्वीप काढतो. म्हणजे एकवीस निर्धाव षटके आज अशक्य झाली, ती नाडकर्णींसारखा टप्पा कुणाला जमत नाही म्हणून जितकी, त्याहून अधिक बोलस-बॅरिंग्टनसारखा संयम कुणी दाखवत नाही म्हणून.

अजून एक बारकावा. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५६-५७च्या मोसमात डर्बनला, इंग्लंडविरुद्धच, ओळीने १३७ चेंडू धाव न देता टाकले होते. नाडकर्णींपेक्षा सहा जास्त. मात्र तिथे तेव्हा आठ चेंडूंचे षटक होते आणि १३७ चेंडूंत अशी षटके फार तर सतराच बसतात. चेंडू मोजले तर टेफील्ड पुढे, षटके मोजली तर आपले बापू पुढे. आपल्या गप्पांत टेफील्डचे नावही निघत नाही, याला आपण मोजायला घेतलेले माप कारण आहे, आणि अर्थात बापू नाशिकचे असणेही.

आता निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. निंबाळकर ४९४ मिनिटांत नाबाद ४४३, दुसऱ्या गड्यासाठी कमल भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागीदारी. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम मागे टाकायला फक्त दहा धावा हव्या होत्या. तेवढ्यात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायला राजी होईनात आणि त्यांचा संघ मैदान सोडून निघून गेला. फलंदाज खेळपट्टीवर, अंगात जोम, हाताशी वेळ. गोलंदाज मात्र घरी. खेळाडूच्या पराक्रमाची किल्ली प्रतिस्पर्ध्याच्या खिशात कशी असते, याचे याहून उघडे उदाहरण क्रिकेटमध्ये मला माहीत नाही.

याच्या शेजारी १९९४चा बर्मिंगहॅमचा सामना ठेवून पाहावा. डरहॅमने ८ बाद ५५६ वर डाव सोडला. मग एक अख्खा दिवस पावसात गेला, निकालाची आशा संपली. अखेरच्या दिवशी वॉर्विकशायरला डाव सोडण्याचे आणि डरहॅमला गोलंदाजी करण्याचे काही कारण उरले नव्हते. तरी डरहॅमचे लोक चेंडू टाकत राहिले आणि ब्रायन लारा नाबाद ५०१ पर्यंत पोचला. याच लाराचा झेल तो अठरा धावांवर असताना यष्टिरक्षकाने सोडला होता. या दोघांच्या मध्ये हनीफ महंमद उभा आहे. १९५९ साली कराचीत पाचशेवी धाव घेताना तो ४९९ वर धावबाद झाला आणि त्या क्षणी मैदानावरचा धावफलक त्याच्या खऱ्या धावसंख्येपेक्षा मागे होता. एकाला प्रतिस्पर्धी संघाने थांबवले, एकाला धावफलकाने फसवले, तिसऱ्याला कंटाळलेल्या पण सभ्य गोलंदाजांनी साथ दिली. ४४३, ४९९ आणि ५०१ ही उतरंड गुणवत्तेची आहे असे मानणाऱ्याने या तिन्ही दिवसांची हकीकत एकदा वाचावी.

इथे रास्त आक्षेप येतो. परिस्थिती तर सगळ्यांना सारखीच होती. काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती म्हणावे, तर तीच गोलंदाजी महाराष्ट्राच्या इतर फलंदाजांनाही मिळाली. ४४३ एकानेच काढल्या. आक्षेप खरा आहे आणि तो मी अर्धा मान्य करतो. अनुकूल काळ पराक्रम घडवत नाही, फक्त दार उघडतो. पण ते दार किती सताड उघडे होते हे पाहायला हवे. पुण्यातच १९३९-४०च्या मोसमात विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढल्या होत्या. पुढच्याच वर्षी मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा रचल्या, त्यांत अठ्ठेचाळीस वर्षांच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या २४६; आणि मुंबईनेही ६५० पर्यंत मजल मारली. निंबाळकरांच्या खेळीनंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या उपांत्य सामन्यात चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा जगात कुठेही, कधीही झालेल्या नाहीत. सात दिवस चाललेल्या त्या सामन्यात शतके इतकी झाली की धावफलक वाचताना गोलंदाजांची दया यावी. तेव्हा ४४३ हे एकाकी शिखर नव्हे, एका डोंगररांगेचे सर्वोच्च टोक आहे. टोक सर्वोच्च आहे, हे मान्यच. त्याच्या उंचीत डोंगररांगेचा वाटाही मोजला पाहिजे.

सहकाऱ्यांचा वाटा पाहायचा तर डावातले दहा बळी पाहावेत. कसोटीत हे फक्त तिघांना जमले: जिम लेकर, अनिल कुंबळे आणि मुंबईतच जन्मून न्यूझीलंडकडून वानखेडेवर खेळलेला एजाझ पटेल. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी दिल्लीत कुंबळेचे नऊ बळी झाल्यावर जवागल श्रीनाथ दुसऱ्या टोकाने चेंडू यष्ट्यांच्या बाहेर बाहेर टाकत राहिला, हे सर्वश्रुत आहे. पाकिस्तानपुढे ४२० धावांचे आव्हान होते, भारताचा विजय निश्चित झाला होता, त्यामुळे हा उमदेपणा परवडणारा होता. आता डिसेंबर १९५८, कानपूर. वेस्ट इंडीजचा डाव २२२ धावांत संपला, सुभाष गुप्तेंनी १०२ धावांत नऊ बळी घेतले. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. उरलेला एक, लान्स गिब्ज, याचा त्रिफळा उडवला पुण्याच्या वसंत रांजणेंनी. रांजणेंची ती पहिलीच कसोटी. पदार्पण करणाऱ्या मध्यमगती गोलंदाजाने पहिल्या डावात मुद्दाम वाइड टाकत बसावे, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. गुप्ते आणि कुंबळे यांच्यातला तो एक बळी रांजणे आणि श्रीनाथ यांच्या परिस्थितीतला फरक आहे. गुप्तेंची फिरकी त्यामुळे तसूभरही कमी ठरत नाही.

यावर कुणी लेकरचे उदाहरण देईल आणि ते योग्यच होईल. १९५६ साली मँचेस्टरला लेकरने सामन्यात ९० धावांत १९ बळी घेतले, ते सहकाऱ्याच्या औदार्यावर नव्हे. दुसऱ्या टोकाने टोनी लॉक जीव तोडून टाकत होता. त्याच खेळपट्टीवर, त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ६९ षटके टाकली आणि त्याला एकच बळी मिळाला. परिस्थितीचा वाटा वजा करूनही जे भरभक्कम उरते, ते हे असे. लॉक तिथे नसता तर लेकरचा पराक्रम आपल्याला नीट मोजताही आला नसता.

कारकिर्दीच्या एकूण आकड्यांबद्दल फार बोलण्याची गरज नाही, कारण तिथे काळाचा हात उघडच दिसतो. जॅक हॉब्जची शतके १९७ की १९९, यावरच जाणकारांत एकमत नाही. विजयनगरच्या महाराजकुमारांनी १९३०-३१ मध्ये काढलेल्या खासगी दौऱ्यातले सामने धरायचे की नाही, एवढाच वाद आहे. आणि नुसती दुर्मीळताच मोजायची, तर १९७५च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर साठ षटके उभे राहून सुनील गावसकरांनी १७४ चेंडूंत काढलेल्या नाबाद ३६ धावाही तितक्याच दुर्मीळ. त्या खेळीचा पोवाडा मात्र कुणी गात नाही.

दुसरा आक्षेप रसिकाचा असेल. आठवणी या हिशेबासाठी नसतात, त्यांना असे तराजूत घातले की मजा जाते. मला उलट वाटते. आकड्याभोवतीचे धुके बाजूला केले की खेळाडू जास्त स्पष्ट दिसतो. नाडकर्णींची खरी थोरवी त्या एका दुपारपुरती नव्हती. ४१ कसोटींत त्यांनी षटकामागे सरासरी फक्त १.६७ धावा दिल्या. त्या ४१ कसोटींत ते इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत नाना तऱ्हांच्या फलंदाजांपुढे आणि नाना तऱ्हांच्या खेळपट्ट्यांवर टाकत होते. सगळेच काही बोलसप्रमाणे खेळत नव्हते. खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर टप्पा टाकण्याचा सराव ते करत, असे सांगितले जाते. ती गोष्ट या १.६७ समोर ठेवली की पटते. तरीही गप्पांत एकवीसच येते आणि १.६७ येत नाही, कारण एका दुपारची गोष्ट सांगता येते आणि बारा-तेरा वर्षांची चिकाटी सांगायला रात्र पुरत नाही. स्मरणाची ही सोय समजून घेतली, तर त्यात वाईट काही नाही. तिला न्यायनिवाडा समजू नये, एवढेच.

निंबाळकरांच्या बाबतीत असा निवाडा खरोखरच झाला. त्यांनी ४४३ काढल्या त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोटी खेळत होता. निंबाळकर त्यांपैकी एकाही कसोटीत खेळले नाहीत, त्या वर्षी नाही आणि पुढेही कधी नाही. पुण्याच्या मैदानावरच्या धावांना निवड समितीने सूट लावली असेल, तर त्यात तर्क होता. वर दिलेले आकडे तेच सांगतात. पण सूट लावणे वेगळे आणि संधीच न देणे वेगळे. दुबळ्या गोलंदाजीविरुद्ध काढलेल्या ४४३ धावांतून खऱ्या दर्जाचे किती उरते, हे कळायला एक कसोटी पुरेशी होती, आणि ती न देणे ही चूकच होती. प्रथम श्रेणीतली भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही निंबाळकरांचीच आहे आणि कधीही कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची जगातली सर्वोच्च खेळीही तीच. पुढच्या आठवड्यात अशाच कसोटी न खेळलेल्यांकडे वळू: राजिंदर गोयल आणि पद्माकर शिवलकर.