कुशीतली जागा

बऱ्हाणपुरास जाणारा माणूस मुमताजमहालची गोष्ट ऐकल्यावाचून परतत नाही. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात ती या गावी वारली, तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले आणि सहाएक महिन्यांनी तिचा देह आग्ऱ्यास नेला, हे वाटाड्या पाठ म्हणून दाखवतो. त्या बाळंतपणातल्या मुलीचे नाव मात्र आपण होऊन विचारावे लागते. गौहरआरा बेगम! आईवेगळी झालेली ही पोर १७०६ पर्यंत, चांगली पंचाहत्तर वर्षे जगली. मोगलांच्या जनानखान्यात तान्ह्या मुलांना दाया पाजीत आणि त्यांचा मानही मोठा असे. अकबराने आपल्या दाईच्या मुलाला, अझीज कोकाला, जन्मभर भावासारखे वागवले. एका कुशीत वाढल्याचे हे नाते!

मला हे आठवते याचे कारण निराळे. माझी सासुरवाडी बऱ्हाणपूरची आणि माझी मुलगीही तिथेच जन्मली. ती दीड महिन्याची असताना सौभाग्यवतीला ताप भरला, म्हणून एका रात्रीपुरते मूल माझ्याकडे आले. तान्हे मूल आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजातून निवडून काढते, हे १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी प्रयोगाने दाखवले आहे. बापाला तो मान नाही. पण मी पडलो गाण्याचा मास्तर. तिला छातीवर घेतले, कोचावर रेललो आणि मंद्रातला षड्ज धरला. ती निजली. दुर्दैवाने मीही निजलो.

जाग आली ती सासूबाईंच्या ओरडण्याने. मुलगी माझी बगल आणि कोचाची पाठ यांच्या फटीत घसरली होती, तोंड गादीत रुतलेले. त्यांनी तिला ओढून काढले. क्षणभर ती रडलीच नाही. मग रडली.

सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी माळ्यावरचा पाळणा उतरवून घेतला, लेकीच्या खाटेला लागून मांडला आणि दोरी तिच्या हाताशी ठेवली. मग एवढेच म्हणाल्या, "जावईबापू, मूल जवळ असावं, पण आपल्या झोपेच्या भरवशावर नसावं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितले. खोली एक, अंथरूण वेगळे. निदान पहिले सहा महिने. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली दिलेला सल्लाही हाच आहे. मूल उताणे निजवावे, गादी घट्ट असावी, उशी-दुलई नको. कोच नि आरामखुर्ची सर्वांत वाईट. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने, दारू किंवा गुंगीचे औषध घेतलेल्याने तान्हे मूल शेजारी घेऊच नये. एका खोलीत, एका अंथरुणावर संसार करणाऱ्या आईने काय करावे, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, "तिला रागावून काय होणार? भिंतीची फट बुजवा, पांघरूण दूर ठेवा, आणि बापाला पलीकडे निजवा." हे शेवटचे मला टोचले. पण खरे होते.

आता मुलगी सहा वर्षांची आहे. तिला स्वतंत्र गादी आहे. मध्यरात्री ती उशी बगलेत मारून येते, आम्हां दोघांच्या मध्ये आडवी पडते आणि एक पाय माझ्या गळ्यावर टाकते. पहाटे रियाजाला उठायचे तर तो पाय अलगद उचलून ठेवावा लागतो.