विद्युत आघाती पाना

विद्युत आघाती पाना (प्रचलित नाव : इम्पॅक्ट रेंच) हे वायरीतून वीजपुरवठा घेऊन चालणारे, नट-बोल्ट सैल करण्याचे व आवळण्याचे हातयंत्र आहे. बाह्यतः ते भोक पाडण्याच्या ड्रिल यंत्रासारखे दिसते. मात्र नटावर सलग जोर लावण्याऐवजी ते एकामागून एक जलद आघात करून नट फिरवते. गंजलेले वा अतिशय घट्ट बसलेले नट सोडवण्यासाठी हे साधन विशेष उपयुक्त आहे. वाहनाच्या चाकांचे नट शेवटचे आवळताना मात्र केवळ या यंत्रावर विसंबणे धोक्याचे ठरते.

रचना व कार्य

यंत्रात मोटर, वेग कमी करणारी दातेरी चक्रे, स्प्रिंग, फिरता हातोडा आणि ऐरण असे मुख्य भाग असतात. ऐरणीचे चौकोनी टोक यंत्राबाहेर आलेले असते व त्यावर गोटी बसवतात. नट सहज फिरत असेपर्यंत हातोडा व ऐरण एकत्र फिरतात. नटाचा विरोध वाढला की ऐरण थबकते. मोटर फिरतच असल्याने हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो आणि ऐरणीच्या दात्यावरून सुटतो. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन तो पुढील दात्यावर आदळतो. बहुतेक यंत्रांत हे चक्र मिनिटाला हजार ते तीन हजार वेळा घडते.

जमिनीत खुंटी रोवताना ती हाताने दाबली तर फारशी हलत नाही, पण घणाचा घाव बसताच आत जाते. येथेही तेच तत्त्व आहे. दोन घावांमधील काळात साठवलेली ऊर्जा अत्यल्प क्षणात खर्च होते, त्यामुळे नटावर मोठा पीळ पडतो. हा पीळ क्षणिक असल्याने यंत्र धरणाऱ्याचे मनगट पिळवटत नाही. प्रत्येक धक्क्याने आट्यांमधील गंजाची पकडही सैल होत जाते.

आघूर्णाचे मोजमाप

नटावरील पिळाला आघूर्ण किंवा टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. ७० किलो वजनाच्या माणसाने अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर सर्व भार दिल्यास सुमारे ३४३ न्यूटन-मीटर आघूर्ण मिळते. अर्धा इंच (१२.७ मिमी) चौकोनी टोकाची अनेक विद्युत यंत्रे याच्या आसपास किंवा त्याहून अधिक आघूर्ण देतात. मोटारगाडीच्या चाकाच्या नटाला मात्र बहुधा ८० ते १२० न्यूटन-मीटरच पुरेसे असते. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

बारामती व इंदापूर परिसरातील उपयोग

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे ऊसउत्पादक तालुके आहेत. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती व बिजवडीचा कर्मयोगी असे सहकारी साखर कारखाने आहेत. साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होणाऱ्या गाळप हंगामात ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर शेतरस्त्यांवरून व महामार्गांवरून ऊस वाहतात. काळ्या जमिनीतील चिखल, पाटाचे पाणी आणि जड ओझे यांमुळे चाकांचे नट गंजतात व जाम होतात. भरलेली ट्रॉली पंक्चर झाल्यास पान्याला पाइप जोडून, त्यावर उभे राहून नट सोडवण्याची पद्धत सर्रास दिसते. पाना निसटल्यास त्यात पडून दुखापत होण्याची शक्यता असते. आघाती पाना हा धोका टाळतो.

शेतीत रोटाव्हेटरची पाती व कडबाकुट्टी यंत्राची सुरी बदलणे, तर घरी पत्र्याच्या शेडचे व लोखंडी मांडणीचे बोल्ट सोडवणे यांसाठीही हे यंत्र वापरता येते. दुचाकीच्या क्लचचा नट काढताना ते सोयीचे पडते, कारण आघात क्षणिक असल्याने आतील दांडा घट्ट धरून ठेवण्याची गरज बरीच कमी होते. मोटारींच्या चाकांना अर्धा इंची यंत्र चालते. ट्रक व जड ट्रॉल्यांसाठी पाऊण किंवा एक इंची टोकाचे यंत्र लागते.

टायरच्या दुकानांत बहुधा हवेवर चालणारे यंत्र असते. त्याला कॉम्प्रेसर लागतो. बॅटरीचे यंत्र कोठेही नेता येते. वायरीचे यंत्र तुलनेने स्वस्त असते व चार्जिंगची वाट पाहावी लागत नाही, मात्र ते २३० व्होल्ट पुरवठ्याला बांधलेले असते. त्यामुळे ते घर, गोठा किंवा गॅरेज यांसाठी योग्य ठरते. उसाच्या फडात किंवा रस्त्यावर वापरण्यासाठी जनित्र लागते.

नट सोडवण्याची पद्धत

प्रथम वाहन सपाट जागी उभे करून हँडब्रेक लावतात व इतर चाकांना अडणी देतात. केवळ जॅकवर विसंबून न राहता वाहनाखाली भक्कम स्टँड ठेवणे आवश्यक असते. नटाच्या आट्यांवरील माती ब्रशने काढून, नटाच्या मापाची गोटी पूर्ण आत बसवतात. मोटारींना बहुधा १७, १९ किंवा २१ मिमी मापाची गोटी लागते. काही जुन्या मालवाहू गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. ते न तपासता यंत्र चालवल्यास सुटण्याऐवजी नट आणखी आवळला जाऊन बोल्ट तुटू शकतो.

काही सेकंदांत नट हलला नाही, तर यंत्र चालवत राहू नये. गंज सोडवणारे तेल टाकून काही वेळ थांबावे व पुन्हा प्रयत्न करावा. गोटी व यंत्र यांमध्ये लांब जोडदांडा लावल्यास आघाताचा काही भाग दांड्याच्या पिळातच वाया जातो.

आवळताना घ्यावयाची काळजी

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबवर दाबून धरतो. चाक जागेवर राहते ते मुख्यतः या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणामुळे. दाब कमी पडला तर चाक सूक्ष्म हालचाल करू लागते, नट सैल होतात, चाकाची भोके झिजतात आणि शेवटी चाक निखळू शकते. दाब जास्त झाला तर बोल्ट कायमचा ताणला जाऊन कमकुवत होतो, आटे खराब होतात किंवा ब्रेकची तबकडी वाकते. तुटण्याच्या बेतात आलेला बोल्ट बाहेरून व्यवस्थित दिसतो, म्हणून हा दोष अधिक घातक असतो.

आघाती पाना किती आवळतो हे घोडा किती वेळ दाबला, आट्यांची स्थिती, विजेचा दाब आणि गोटीचा प्रकार यांवर अवलंबून असते. एकाच चाकाच्या दोन नटांवरही ते सारखे नसते. म्हणून नट प्रथम बोटांनी काही फेरे फिरवून बसवतात व चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे नट घेत, हलके आवळतात. चाक जमिनीवर टेकवल्यावर टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्याइतके आवळतात. आट्यांना तेल लावू नये. तेलामुळे घर्षण घटून त्याच आकड्यावर बोल्ट अधिक ताणला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासणे हितावह असते.

सुरक्षितता व निगा

या यंत्रासोबत आघातासाठी बनवलेल्या काळ्या गोट्याच वापराव्यात. साध्या चकचकीत गोट्या आघाताने तडकून त्यांचे तुकडे उडू शकतात. यंत्राचा आवाज मोठा असल्याने कानांना संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा आवश्यक असतो. सैल बाह्या, उपरणे किंवा ओढणी फिरत्या गोटीपासून दूर ठेवावी.

अनेक यंत्रांच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात व त्यांतून ठिणग्या उडतात, म्हणून पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा सांडलेल्या इंधनाजवळ यंत्र चालवू नये. ओल्या जमिनीवर व पावसात वापर टाळावा. जोडणीत गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच असावा. जोडवायर पुरेशा जाडीची घ्यावी व रीळावरून पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली वायर तापते. गोटी बदलताना प्लग काढून ठेवावा. झिजलेले कार्बन ब्रश वेळेवर बदलल्यास आणि हवेची छिद्रे धुळीपासून स्वच्छ ठेवल्यास मोटर दीर्घकाळ टिकते.