दाताची कॅप : आधी दात पाहा, मग दर

रूट कॅनल संपत आली की दवाखान्यात प्रश्न येतो, "कॅप कोणती बसवायची?" समोर दरांचा तक्ता असतो आणि आपण बहुतेकदा मधल्या आकड्यावर बोट ठेवून मोकळे होतो. मंडळातील ज्येष्ठांच्या गप्पांत हा विषय सारखा निघतो, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

सिरॅमिकच्या कॅप मुख्यतः तीन प्रकारच्या असतात.

मेटल-सिरॅमिक : आत धातूची टोपी, वर दाताच्या रंगाचा थर. हा जुना, अनुभवाचा आणि तुलनेने स्वस्त प्रकार. मात्र वरच्या थराचा टवका उडू शकतो आणि हिरडी मागे सरकली की कडेला काळसर रेघ दिसते. काही धातूंत निकेल असते. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

झिर्कोनिया : यात धातूची टोपी नसते, तरी तिन्हींत सर्वांत मजबूत. अखंड झिर्कोनियासाठी दात कमी घासावा लागतो. दाढेला हीच सोयीची, कारण शेव-चिवडा, सुपारी, चिक्की यांचा सगळा भार दाढेवरच पडतो. साधी झिर्कोनिया थोडी दुधट दिसते. नव्या पारदर्शक प्रकारांत रूप सुधारते, पण ताकद काहीशी कमी होते.

लिथियम डायसिलिकेट : दवाखान्यात हिला बहुधा 'ई-मॅक्स' म्हणतात. ही काचेच्या जातीची असते. तिच्यातून उजेड आरपार जातो, म्हणून पुढच्या दातांत ती खऱ्या दातासारखी शोभते. पण रूट कॅनलनंतर दात काळवंडला असेल किंवा आत धातूचा खुंट बसवला असेल, तर तो काळेपणाही आरपार दिसतो. अशा वेळी अपारदर्शक प्रकारच बरा.

म्हणजे सर्वांत महाग ती सर्वांत चांगली, असे नाही. दात पुढचा की मागचा, झोपेत दात खाण्याची सवय आहे का, मूळ दात किती शिल्लक आहे, यावर निवड ठरते.

आता वॉरंटी कार्डाविषयी. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी भारी कॅप बसवली आणि कार्ड कपाटात जपून ठेवले. काही वर्षांनी दाढ हलू लागली. कॅप जशीच्या तशी होती; आतला दात मात्र कडेने किडून गेला होता. कार्डावर हमी होती ती कॅपची, दाताची नव्हे. शेवटी दाढ काढावी लागली.

कॅपला कीड लागत नाही. कॅप आणि दात जिथे मिळतात त्या कडेला लागते. तिथे रोज ब्रश फिरला पाहिजे, दातांच्या फटीत दोरा गेला पाहिजे आणि सहा महिन्यांनी तपासणी झाली पाहिजे.

दवाखान्यात हे जरूर विचारा :

- माझ्या याच दाताला हा प्रकार का सुचवता?
- दात किती घासावा लागेल?
- कॅप अखंड आहे की वर वेगळा थर आहे?
- रंग दिवसाच्या उजेडात जुळवून पाहता येईल का?
- पक्की चिकटवण्यापूर्वी बसवून दाखवाल का?

हे विचारण्यात संकोच नको. घरातले आजी-आजोबा एकटे दवाखान्यात जात असतील, तर कॅप ठरवण्याच्या दिवशी तरी घरातल्या कुणी सोबत जावे, ही आमची विनंती.