दावे कोणाच्या हाती?

बेल्ह्याच्या बैलबाजारात बैल कोणाचा हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. दावे कोणाच्या हाती आहे त्यावरून कळते. जावा या संगणकभाषेतील केरसफाईचा नियम आम्हांस या दाव्यावरूनच उमगला.

सन मायक्रोसिस्टिम्सने ही भाषा १९९५ साली बाहेर आणली. तीत 'न्यू' म्हटले की संगणकाच्या स्मृतीत एक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, तयार होते. आपल्या हाती येते ते तिचे दावे. त्यास रेफरन्स म्हणतात. व्हेरिएबल म्हणजे ते दावे धरणारा हात. व्हेरिएबल 'नल' केले की वस्तू मेली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्या एका हातातले दावे तेवढे सुटले. दुसऱ्या कोणी धरले असेल तर वस्तू जागच्या जागी राहते.

आता असे समजा की, दोन बैल एकमेकांच्या गळ्यात बांधले आहेत, पण माणूस कोणीच धरून नाही. नुसती दावी मोजणारी पद्धत त्यांना राखलेले समजेल आणि ती जोडी कायमची जागा अडवील. जावा दावी मोजीत बसत नाही, माग काढते. चालू कामातील व्हेरिएबले, प्रोग्रॅम चालेतो टिकणारी स्टॅटिक व्हेरिएबले, अशा जिवंत मुळांपासून निघून दाव्यामागून दावे धरीत जाते. जेथे पोचता येत नाही ते केर ठरण्यास पात्र. ही युक्ती जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९६० च्या सुमारास काढली. त्यांचे वडील कामगार संघटक होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

पात्र ठरले म्हणजे तत्क्षणी झाडले गेले, असेही नव्हे. 'सिस्टिम.जीसी' ही आज्ञा नसून अर्ज आहे. आणि अर्जाचे काय होते हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी सांगावयास नको.

मग स्मृती भरतेच का? आमच्या सभासद-नोंदीसाठी एका तरुण कार्यकर्त्याने जावात प्रोग्रॅम लिहिला. सकाळी ठीक चाले, वर्गणीच्या दिवशी दुपारपर्यंत अडके. पोराने दोष सफाईला दिला. सफाई कामगाराला दोष देणे आम्हांस कधीच पटलेले नाही, म्हणून आम्ही त्यास पुन्हा पाहावयास लाविले. उघडलेली प्रत्येक नोंद त्याने एका स्टॅटिक यादीत टाकली होती, आणि काम संपल्यावर काढावयाचे विसरला होता. मुळापासून वाट शाबूत, म्हणजे वस्तू जिवंत. ती कामाची आहे की नाही हे सफाईने विचारावयाचे नसते. नोंद यादीतून काढणारी एक ओळ त्याने घातली, आणि पुढल्या महिन्याची वर्गणी संध्याकाळपर्यंत बिनबोभाट जमा झाली.